खिडक्यांचा ठराव

हॅलबर्गच्या कौन्सिलने माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एकमताने केलेले ठराव एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातला एक खिडक्या रंगवायचा होता.

आमच्या गावात पूर्वी काचेचा कारखाना होता. अर्ध्या ओहायोच्या खिडक्यांना आमच्या काचा बसल्यात असं माझे वडील सांगायचे. ते तिथे भट्टीवर कामाला होते, तेव्हा थोडं वाढवूनच सांगत असणार. पुढे कारखाना गेला, माणसं गेली आणि घरं मागे राहिली. रिकाम्या घराची काच फुटली की नगरपालिका तिथे प्लायवूड ठोकायची. प्लायवूड दिसलं की शेजारच्याचाही धीर सुटायचा, आणि वर्षभरात त्याच्याही खिडकीला प्लायवूड लागायचं. घर पाडायला बारा हजार डॉलर लागतात. म्हणून कौन्सिलने स्वस्तातला उपाय काढला: प्लायवूडवर खिडकीच रंगवा. पडदे, फुलांच्या कुंड्या, एखादं झोपलेलं मांजर. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की आत कोणीतरी राहतंय. रोगापेक्षा मलम बरं दिसलं की आमचं कौन्सिल खूश असतं.

रंगवायचं काम मिसेस होस्टेटलर करायच्या. शाळेत मला चित्रकलेला त्याच होत्या आणि माझ्या चित्रांबद्दल त्यांचं मत अजून बदललेलं नाही. मी रेमंड टोकार, नगरपालिकेचा घरतपासनीस. कोणाचं गवत दहा इंचांवर गेलं, कोणाचा जिना कुजला, कोणाच्या अंगणात बिनचाकाची गाडी पडलीय, हे बघून नोटीस लावणं हे माझं काम. त्यामुळे गावात मला फारशा मेजवान्या मिळत नाहीत.

गेल्या वर्षी राज्य सरकारने ओसाड घरं पाडायला पैसे देऊ केले. एकेचाळीस घरं, जून अखेरपर्यंत यादी पाठवा, नाहीतर पैसे दुसऱ्या गावाला. तेव्हा एप्रिलमध्ये मी पाहणीला निघालो. पाहणीची रीत अशी की गाडी ताशी दहा मैलांनी चालवायची, तक्ता मांडीवर ठेवायचा आणि जाता जाता प्रत्येक घराच्या नंबरापुढे खुणा करायच्या. छप्पर, जिना, गवत, आणि शेवटी दोन चौकोन: ‘राहतं’ किंवा ‘रिकामं’. खाली उतरायचं नाही. उतरलं की लोक बोलायला येतात, आणि लोक बोलायला आले की दिवसाला तीस घरंसुद्धा होत नाहीत. मी दोनशे करायचो, आणि मला त्याचा अभिमान होता.

गार्नेट स्ट्रीटवर पूर्वी सव्वीस घरं होती, त्या सकाळी नऊ उरली होती. सहाशे चौदा नंबर अगदी टोकाला होतं. वरच्या मजल्याच्या चारही खिडक्यांवर प्लायवूड होतं आणि त्यावर लाल फुलांच्या कुंड्या. खालच्या मोठ्या खिडकीत एक म्हातारी काळी बाई होती, निळा स्वेटर, उजवा हात वर, जाणाऱ्याला हात करतेय अशी. डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा नीट उतरल्या होत्या. मिसेस होस्टेटलरनी कमाल केली असं मला वाटलं. मी हसलो. “बाई छान काढलीय,” असं मोठ्याने म्हणालोही. गाडीत एकट्याने बोलायची मला सवय आहे.

मग मी ‘रिकामं’ या चौकोनात खूण केली आणि पुढे गेलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मिसेस होस्टेटलर नगरपालिकेच्या गोदामात नवीन प्लायवूड न्यायला आल्या. मी त्यांना फळ्या गाडीत चढवून देत होतो. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणालो, “मिसेस होस्टेटलर, तुमच्या सगळ्या खिडक्यांत गार्नेट स्ट्रीटवरची बाई फर्स्ट क्लास आहे हं.”

“कोणती बाई?”

“ती हात वर केलेली. निळा स्वेटर.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शाळेत मी झाड निळं रंगवलं होतं तेव्हा पाहिलं होतं तसंच. “रेमंड, तू ठराव वाचलास का कधी? तुमचाच आहे. चौथं कलम. खिडकीत माणूस दाखवायचा नाही.”

मग मला ती सभा आठवली. आमच्या अग्निशमन दलाचा प्रमुख उभा राहून म्हणाला होता की आग लागली तर त्याची माणसं चित्राला वाचवायला शिडी लावतील. सगळे हसले होते, आणि हसता हसता कलम घातलं होतं.

“मी मांजरं काढते,” मिसेस होस्टेटलर म्हणाल्या. “माणूस एकही नाही. तीन वर्षांत एकही नाही.”

मी हातातली फळी खाली ठेवली. दोन महिन्यांपूर्वी मी केलेली खूण मला डोळ्यांसमोर दिसत होती. ती यादीत गेली होती, यादी समितीत मंजूर झाली होती, आणि पुढच्या मंगळवारी तिच्यावर कौन्सिलचं शेवटचं मतदान होतं.

मी तसाच गाडी घेऊन गार्नेट स्ट्रीटवर गेलो. खिडकीत कोणी नव्हतं. खिडकीला काच होती, साधी, पुसलेली काच, तिच्यात माझं तोंड दिसत होतं. दार वाजवलं तर आतून आवाज आला, “ढकल, अडकतं ते.”

त्या मिस ओपलिन गॅड्सडेन होत्या. त्यांच्या चर्चमध्ये वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, ‘मिस’च म्हणतात. वय त्र्याऐंशी. त्याच काचेच्या कारखान्यात पॅकिंगला चाळीस वर्षं काढलेल्या. निळा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता.

“म्हणजे उतरता येतं होय तुला गाडीतून,” त्या म्हणाल्या. “एप्रिलमध्ये एवढा हात केला तुला. बघितलंस, हसलास, आणि काहीतरी लिहून निघून गेलास. मला वाटलं, चांगलंच लिहिलं असणार, हसला तर होता.”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी वरच्या खिडक्यांचं विचारलं.

“वादळात फुटल्या. तुमचीच माणसं आली, फळ्या ठोकल्या. मग एक बाई आली, तिने कुंड्या रंगवल्या. मी म्हटलं बरं झालं, पाणी घालायला नको. मी वर जात नाही आता, गुडघे ऐकत नाहीत.”

“आणि पाणी? आमच्या कागदावर तुमचा नळ सहा वर्षं बंद आहे.”

“पाइप फुटला ना थंडीत. तुमचं ऑफिस म्हणालं, अख्ख्या गल्लीत एका घरासाठी रस्ता खणायचा नाही. चर्चमधून कॅनने आणते. नळ बंद म्हणजे माणूस बंद, असं आहे का तुमच्याकडे?”

तसंच होतं आमच्याकडे. त्यांनी कॉफी दिली, घरचा केक दिला. माझ्या डोक्यावर वडिलांची जुनी टोपी होती, कारखान्याची, पुढच्या पट्टीला भट्टीचा जळका डाग असलेली. त्या टोपीकडे त्या बराच वेळ बघत होत्या. “भट्टीवाल्यांनाच द्यायचे या टोप्या,” त्या म्हणाल्या. “आम्हा पॅकिंगवाल्या बायकांना कोणी विचारलं नाही. कोणाचा तू?” मी वडिलांचं नाव सांगितलं. “भट्टीवरच्या जो टोकारचा मुलगा? तो तर बाईला पुढे जाऊ देण्यासाठी दार धरून उभा राहायचा. तुला गाडीतून उतरायलाही जमेना.”

जाताना मी त्यांना सांगितलं की घर पाडायच्या यादीत आहे. चूक माझी आहे हेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचे केकचे कण तळव्यात गोळा केले आणि विचारलं, “मग आता कोणाला सांगायचं, की मी आहे?”

सिटी क्लार्क डेल्फीन बॉयकिन माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे आणि माझ्यापेक्षा चौपट हुशार. कौन्सिलचे सगळे कागद तिच्या हातून जातात. मी तिच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो आणि झालेलं सांगितलं.

“टोकार, गाडीतून बघून घर रिकामं लिहिलंस?”

“सगळेच तसं करतात.”

“सगळ्यांचं सांगू नकोस. आणि स्ट्रिकलरकडे स्वतः होऊन कबूल करायला जातोयस? हात दाखवून अवलक्षण. निवृत्तीला सहा महिने उरलेत तुझे.”

“जायला हवं.”

“हवं तर हवं,” ती म्हणाली आणि नियमांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. “पण तो ऐकणार नाही. यादी उघडायची तर राहणाऱ्याने स्वतः सभेत येऊन सांगायचं. तू सांगून चालणार नाही.”

व्हर्न स्ट्रिकलर कौन्सिलचा अध्यक्ष. विम्याचा धंदा करतो, त्यामुळे वाईट बातमी सावकाश सांगायची त्याला सवय आहे. “रेमंड, एक घर काढलं की यादी उघडते,” तो म्हणाला. “यादी उघडली की मुदत जाते. मुदत गेली की चाळीस घरं तशीच उभी राहतात, आणि त्या चाळीस घरांच्या शेजारी राहणारी माणसं मला फोन करतात. त्यांनी काय पाप केलंय? आणि घर रिकामं आहे हे तुझ्याच सहीने लिहिलंय.”

“चुकलो, व्हर्न.”

“मग त्या बाईंना येऊ दे. तीन मिनिटं बोलू दे. आम्ही ऐकू. ऐकायलाच बसलोय आम्ही.”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. हेच मला अजून छळतं, की त्या खोलीत कोणीच वाईट नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला मी मिस ओपलिनना घ्यायला गेलो. त्या चर्चला घालायची जांभळी हॅट घालून, हातात पर्स घेऊन पुढच्या पायरीवर बसल्या होत्या. सभागृहाच्या दाराशी बोलणाऱ्यांची कार्डं असतात, त्यावर नाव आणि पत्ता लिहून ते क्लार्ककडे द्यायचं. त्या चष्मा घरी विसरल्या होत्या, म्हणून कार्ड मी भरलं. डेल्फीनला दिलं. तिने वाचून गठ्ठ्यात वर ठेवलं.

राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा झाली, हजेरी झाली. सातही सदस्य हजर होते. पाडायच्या घरांची यादी एकगठ्ठा ठरावात होती; तेरा विषय, सगळ्यांवर मिळून एकच मतदान. स्ट्रिकलर म्हणाला, “या ठरावावर कोणाला बोलायचं असेल तर पुढे या.”

मिस ओपलिन उठल्या. मी त्यांना हाताला धरून व्यासपीठासमोरच्या माइकपर्यंत नेलं आणि दोन पावलं मागे उभा राहिलो. डेल्फीनने घड्याळ चालू केलं. हिरवा दिवा लागला.

त्या छान बोलल्या. घर त्यांच्या नवऱ्याने बांधलं होतं ते सांगितलं. नळाचं सांगितलं. “माझ्या घराच्या खिडकीची काच मी स्वतः पॅक केलेली आहे,” त्या म्हणाल्या. “बाकी गावाने फळ्या लावल्या, मी काच ठेवली, ती तुम्हाला बघता यावं म्हणून. आणि तुम्ही म्हणता कोणी दिसलं नाही.” सातही जण त्यांच्याकडे बघत होते. एक सदस्य सहसा फोनमध्ये असतो, तोही बघत होता. पिवळा दिवा लागला. त्या म्हणाल्या, “मी एवढंच सांगायला आले, की मी आहे.” लाल दिवा लागला तेव्हा त्या थांबल्या होत्या.

स्ट्रिकलरने चष्मा काढून पुसला.

“कोणी बोलणार आहे का?” तो म्हणाला. “नाही? मग मताला टाकतो.”

मला वाटलं माझं ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी पुढे झालो. “व्हर्न, त्या बोलल्या की आत्ता.”

“टोकार, तुमचं कार्ड आहे का?”

“माझं नाही. मिस गॅड्सडेनचं आहे. डेल्फीनकडे.”

डेल्फीनने गठ्ठा चाळला. वरचं कार्ड उचललं, मला दाखवलं. अक्षर माझं होतं. पत्ता सहाशे चौदा, गार्नेट स्ट्रीट. नावाच्या रेघेवर काही नव्हतं. मी तिथे नाव लिहिलं होतं हे मी शपथेवर सांगतो. निदान त्या दिवशी सांगितलं असतं.

मतदान झालं. सात विरुद्ध शून्य.

मागे वळलो तर मिस ओपलिन रांगेत त्यांच्या जागेवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, चेहरा उजळलेला. “बघितलंस?” त्या हळूच म्हणाल्या. “सगळे माझ्याकडेच बघत होते. एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. ऐकून घेतात रे, म्हणतात तितकी वाईट नाहीत माणसं.”

मी त्यांना घरी सोडलं. जूनमधला उजेड नऊपर्यंत टिकतो, गल्लीतलं गवत सोनेरी दिसत होतं. खरं सांगायचं म्हणून मी आत गेलो. त्यांनी कॉफी टाकली. त्या इतक्या खुशीत होत्या की मला तोंड उघडवेना. मी भित्रा ठरलो, दुसरा शब्द नाही. अर्ध्या कपावर उठलो आणि निघालो. घरी पोचल्यावर लक्षात आलं की टोपी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी डेल्फीनने मला सभेचं चित्रीकरण दाखवलं. कॅमेरा कौन्सिलकडे तोंड करून असतो, माइकचा फक्त दांडा दिसतो आणि थोडा मी. तीन मिनिटं माइकमधून खरखर येत होती. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. सात माणसं एकाच ठिकाणी बघत होती. मग स्ट्रिकलरने चष्मा पुसला.

“डेल्फीन, घड्याळ तू लावलंस.”

“हो.”

“कोणासाठी?”

“तू पुढे आलास म्हणून लावलं असेल,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “टोकार, तुझ्याबरोबर कोणी आलं होतं का रे? मला हॅट आठवते. जांभळी. पण हॅटखाली काही आठवत नाही.”

तिने चित्रीकरण बंद केलं आणि पुन्हा त्याबद्दल बोलली नाही.

मी तरीही अर्ज केले. नळ जोडून द्या असं पाणीखात्याला लिहिलं. राज्य सरकारला लिहिलं की पाहणीत चूक आहे, उत्तर आलं की कौन्सिलचा ठराव पाहणीच्या वर असतो. या सगळ्यात नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मी गार्नेट स्ट्रीटवर गेलो नाही. काहीतरी चांगलं हातात घेऊन जावं असं वाटत होतं, आणि तसं काही मिळेना.

दहाव्या दिवशी गेलो.

दाराला फळी होती. खालच्या मोठ्या खिडकीलाही फळी होती. फळीवर खिडकी रंगवलेली होती, आणि खिडकीत मिस ओपलिन होत्या. निळा स्वेटर, उजवा हात वर. डोळ्यांखालच्या सुरकुत्या नीट उतरल्या होत्या.

मी हात लावला. प्लायवूड. रंग वाळलेला, उन्हाने थोडा फुगलेला, चार-पाच पावसाळे खाल्ल्यासारखा.

मी त्यांना हाका मारल्या. गल्लीत मी एकटाच होतो.

मिसेस होस्टेटलरना फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या, गाडीतून उतरल्या आणि फळीसमोर उभ्या राहिल्या. नाक जवळ नेऊन, चष्मा वर करून बघितलं. हाताच्या कडेची एक रेघ बोटाने गिरवली.

“ब्रश माझा आहे,” त्या म्हणाल्या. “हा निळाही माझाच, मीच मिसळते तसा. रेमंड, मी हे काढलेलं नाही.”

“मग?”

“मला काय विचारतोस. मी पडदे काढते.” त्यांनी मागे सरून पुन्हा पाहिलं. “आणि ही टोपी मी कशाला काढीन?”

बाईंच्या मागे, खिडकीच्या आतल्या अंधारात, एक टेबल रंगवलेलं होतं. त्यावर दोन कप. एक रिकामा, एक अर्धा भरलेला. टेबलाजवळच्या खुर्चीच्या पाठीला एक टोपी अडकवलेली होती. पुढच्या पट्टीला जळका डाग होता.

मिसेस होस्टेटलर गाडीत जाऊन बसल्या. त्यांनी पुढे हे काम सोडलं.

ऑगस्टमध्ये घर पाडायची पाळी आली. पाडायच्या आधी एक दाखला लागतो की आत माणूस नाही, आणि त्यावर सही घरतपासनीसाची. मी दाराची फळी काढून आत गेलो. गुडघाभर धूळ म्हणत नाही, पण धुळीवर पाऊल पडलेलं नव्हतं. सामान नव्हतं. माझी टोपी नव्हती. स्वयंपाकघर, मागची खोली, वरचा मजला, तळघर. मी तीनदा पाहिलं. कपाटं उघडली. नाव घेऊन हाका मारल्या आणि प्रत्येक हाकेनंतर थांबलो.

बाहेर खोदयंत्रावरचा माणूस घड्याळ बघत होता.

“कोणी आहे का?” त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं. अजून नाही. आहे म्हणायला कागद नव्हता आणि नाही म्हणायला जीभ वळत नव्हती.

मी सही केली.

रंगवलेल्या फळ्या पाडायच्या आधी काढून दुसऱ्या घराला लावायच्या असाही कौन्सिलचा ठराव आहे, काटकसरीचा. कुंड्यांच्या फळ्या गेल्या. बाईंच्या फळीवर माणूस असल्यामुळे ती चौथ्या कलमात बसेना, ती गोदामात भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला ते बघवेना. डिसेंबरात निवृत्त झालो तेव्हा लोकांनी विचारलं, तुला काय हवं. मी ती फळी मागितली. लोक हसले आणि दिली.

ती माझ्या पुढच्या खोलीत आहे. पहिले काही दिवस मी ती भिंतीला टेकवली होती. मग वाटलं, या बाईंना रस्ता बघायची सवय. तेव्हा मोठ्या खिडकीशी खुर्चीवर उभी केली, काचेकडे तोंड करून, आणि शेजारी माझी खुर्ची घेतली. सकाळची कॉफी मी तिथेच घेतो. मी त्यांची माफी मागितली आहे, बऱ्याचदा. वडिलांनी दार कसं धरलं असतं तेही मी विचार करून पाहिलंय. आमच्या गल्लीतही आता चारच घरं राहती आहेत. पोस्टमन जाताना खिडकीकडे हात करतो. आधी मला वाटायचं की मला करतो.

काल नवीन पाहणी सुरू झाली. आता नगरपालिका ते काम बाहेरच्या कंपनीला देते. दहाच्या सुमाराला एक पांढरी गाडी गल्लीत शिरली, ताशी दहा मैलांनी. स्टीअरिंगवर चाळिशीची एक बाई होती, शेजारी एक माणूस मांडीवर तक्ता घेऊन. उन्हं चांगली होती, त्यांच्या गाडीच्या काचा खाली होत्या, आणि माझी खिडकीही मी हवेसाठी वीतभर उघडी ठेवली होती.

मी हात वर केला.

गाडी हळू झाली. बाईने थेट माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी, मग पुन्हा माझ्याकडे. ती मनापासून हसली.

“दोघंही छान काढलीयेत,” ती म्हणाली, आणि माणसाने तक्त्यावर खूण केली.